पाआकाई: हवाईच्या रीतीने समुद्राचं मीठ कसं पिकवायचं आणि कुठे थांबायचं

समुद्राचं पाणी आटवलं की मीठ मिळतं, एवढ्या माहितीवर बरेच जण कामाला लागतात. परातीत पाणी ओततात, शेवटचा थेंब उडेपर्यंत उन्हात ठेवतात, तळाशी उरलेलं सगळं खरवडून बरणीत भरतात. ते मीठ जिभेवर कडू लागतं, दाताखाली कचकचतं आणि दमट हवेत दोन दिवसांत पाझरायला लागतं. मग त्यात तांबडी माती कालवून त्याला ‘हवाईचं लाल मीठ’ म्हणतात.

हवाई बेटांवर मिठाला पाआकाई म्हणतात. ‘पाआ’ म्हणजे घट्ट झालेलं आणि ‘काई’ म्हणजे समुद्र. पण समुद्रातलं सगळंच घट्ट होऊ द्यायचं नसतं. आधी खाली बसतं ते टाकायचं, मधलं घ्यायचं आणि शेवटचं पाणी ओतून द्यायचं. हा लेख त्या क्रमाबद्दल आहे. प्रमाण 20 लिटर पाण्याचं धरलं आहे. त्यातून साधारण 300 ते 400 ग्रॅम चांगलं मीठ हाती येतं. यापेक्षा बरंच जास्त आलं, तर टाकायचं तेही त्यात राहिलं आहे असं समजा.

## सुरुवातीला एक फरक समजून घ्या

काउआई बेटाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर हानापेपे इथे आजही मातीच्या वाफ्यांत पाआकाई पिकतं. तिथली रचना तीन भागांची आहे. ‘पुना’ ही विहीर, तिच्यात जमिनीखालून खारं पाणी झिरपतं. ‘वाइकू’ हे साठवणीचं उथळ टाकं. आणि ‘लोई’ हा काळ्या चिकणमातीने लिंपलेला वाफा, त्यात मीठ धरतं. वाफे 22 कुटुंबं सांभाळतात. हे मीठ विकायचं नाही, द्यायचं किंवा वस्तूच्या बदल्यात वस्तू म्हणून द्यायचं, हा तिथला नियम आहे. ‘अस्सल हानापेपे मीठ’ म्हणून कुणी पैसे मागत असेल, तर तो नियम मोडला गेला आहे किंवा ते मीठ तिथलं नाही.

म्हणून घरी केलेल्या मिठाला हानापेपेचं नाव देऊ नका. तिथली माती, विहिरी आणि हक्क घरी आणता येत नाहीत. आणता येतो तो पाण्याचा क्रम: पुना, वाइकू, लोई. एका भांड्यात सगळं न उरकता पाणी जसं दाट होत जाईल तसं पुढच्या भांड्यात न्यायचं. कोकणातल्या मिठागरातही आगरी माणूस पाणी असंच एका खणातून दुसऱ्या खणात खेळवत नेतो, त्यामुळे पेण, उरण किंवा वसईकडच्या वाचकाला ही रीत परकी वाटणार नाही.

इशारा: काउआईला गेलात तर वाफ्यांच्या बांधांवर पाय ठेवू नका आणि लगतच्या वाळूवर गाडी घालू नका. वाळूचे उंचवटे समुद्राला अडवून धरतात. चाकांनी ते दबले की भरतीची लाट वरून येते आणि मातीचं अस्तर घेऊन जाते. अलीकडे समुद्राची पातळी आणि अवेळी पाऊस यांनी तिथले हंगाम तसेही बुडत आहेत.

## टप्पा 1: हंगाम ठरवा

हवाईत हे काम उन्हाळ्याचं आहे. वसंत संपता संपता विहिरी उपसतात, गाळ काढतात, वाफे लिंपतात आणि मग सप्टेंबरपर्यंत जमेल तेवढी पिकं घेतात. पुनातलं पाणी पिकलं की नाही याची एक खूण तिथले लोक पाहतात: पाण्यात ‘ओपाए’, म्हणजे कोळंबीसारखे बारीक लाल जीव, दिसू लागले की क्षार पुरेसा आहे. कोकणात आणि गोव्यात हंगाम जवळजवळ उलटा पडतो. जानेवारी ते मे हे महिने धरा, जूनचं आभाळ दिसायला लागल्यावर नवं पाणी लावू नका.

सलग 10 ते 12 कोरडे दिवस लागतात. ऊन जितकं महत्त्वाचं तितकाच वारा. वाऱ्याविना कडक उन्हापेक्षा मध्यम ऊन आणि वाहता वारा जास्त पाणी उडवतो.

आणखी एक आकडा लक्षात ठेवा. हवेतली सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ सुकत नाही, उलट हवेतलं पाणी ओढून घेतं. किनाऱ्यावर रात्री हे रोज घडतं. म्हणून सूर्य कलला की ताटं झाकायची आणि सकाळी दव गेल्यावर उघडायची. दिवसाची कमाई रात्री गमावणं ही पहिली चूक.

## टप्पा 2: सामान मांडून ठेवा

पाणी आणण्याआधी सगळं जमवा, कारण पाणी दाट झाल्यावर ते थांबत नाही.

- खाद्यपदार्थांसाठी योग्य प्लास्टिकचे 20 लिटरचे झाकणाचे कॅन
- साधारण 60 × 40 सेंटीमीटरची प्लास्टिकची उथळ ताटं, 4 (ही तुमची वाइकू)
- ओव्हनमध्ये वापरतात तशी काचेची आयताकृती भांडी, साधारण 33 × 23 सेंटीमीटरची, 2 (ही तुमची लोई)
- दाट विणीचं धुतलेलं मलमल आणि कॉफी गाळायचे कागद
- पारदर्शक नळी, लाकडी किंवा सिलिकॉनचा उलथना, वेताची किंवा प्लास्टिकची चाळण
- 100 मिलिलिटरचं मोजपात्र आणि 1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा
- मच्छरदाणीचं कापड आणि ते ताणायला चौकट

अ‍ॅल्युमिनियम, तांबं, पितळ आणि लोखंड या कामात चालत नाही. स्टेनलेस स्टीलचं पातेलं तासाभराच्या उकळीला ठीक आहे, पण त्यात दाट खारं पाणी चार दिवस ठेवलं तर त्यालाही बारीक खड्डे पडतात आणि मिठावर गंजाचे ठिपके येतात.

ताटांवर काच किंवा प्लास्टिक घट्ट बसवू नका. खूप जण धूळ नको म्हणून तसं करतात. मग वाफ आतच साचते, थेंब होऊन परत ताटात पडते आणि आठवडा झाला तरी पाणी हलत नाही. जाळी चार बोटं उंच ताणा, कडेने वारा जाऊ द्या.

## टप्पा 3: पाणी आणा, निवळू द्या, गाळा

लाट फुटते तिथलं पाणी घेऊ नका, त्यात वाळू असते. खडकाळ टोकावरून, भरती पूर्ण होत आलेली असताना, कंबरभर पाण्यातून घ्या. नदीचं मुख, खाडी, बंदर, मासे उतरवायचा धक्का आणि सांडपाण्याचे नाले टाळा. मोठ्या पावसानंतर निदान तीन दिवस थांबा. हवाईत जोराच्या पावसाने किनाऱ्याचं पाणी गढूळ झालं की आरोग्य खातं तशी सूचना काढतं, त्या काळात पाणी घेऊच नका. उकळून जंतू मरतात, पण तेल, कीटकनाशक आणि जड धातू आटवल्यावर उलट दाट होतात. सुरुवातीचं पाणी घाण असेल तर पुढचा कुठलाही टप्पा ते सुधारत नाही.

हवाईत समुद्राकडून काही घेण्याआधी विचारायची पद्धत आहे, आणि लागेल तेवढंच घ्यायचं. ती मनापासून पाळा. समुद्राकडे पाठ करून कॅन भरू नका, यात आदर आहे आणि जीवही वाचतो, कारण खडकावर माणसाला पाडते ती न पाहिलेली लाट.

कॅन सावलीत 24 तास न हलवता ठेवा. वरचं निवळ पाणी नळीने काढा, तळचे दोनेक लिटर टाकून द्या. 20 लिटर हवं असेल तर 22 आणा. मग चार पदरी मलमल आणि त्यानंतर कॉफीचा कागद. कागदातून गाळायला दोन-तीन तास जातात. हा वेळ वाचवू नका, प्लास्टिकचे बारीक तंतू मलमलीतून सहज निसटतात.

तपासा: रिकाम्या मोजपात्राचं वजन शून्य करा, नेमकं 100 मिलिलिटर पाणी भरा. समुद्राचं पाणी 102 ते 103 ग्रॅम भरतं. 101 भरलं तर त्यात गोडं पाणी मिसळलेलं आहे, ते ठेवू नका. पुढचं सगळं काम याच मोजणीवर चालतं. पाणी नेहमी सावलीत थंड करूनच मोजा, कारण गरम पाणी हलकं भरतं.

## टप्पा 4: पहिलं आटवणं

चार ताटांत प्रत्येकी 5 लिटर ओता. खोली दोन सेंटीमीटरच्या आसपास येईल. चांगल्या उन्हात एका चौरस मीटरवरून दिवसाला 4 ते 5 लिटर उडतात. पाणी दाट होत जातं तसा वेग मंदावतो, तेव्हा घाबरून ताटं तापलेल्या पत्र्यावर वगैरे ठेवू नका.

तीन-साडेतीन दिवसांत 20 लिटरचे सुमारे 5 लिटर होतील. 100 मिलिलिटर पाणी आता 110 ग्रॅमच्या आसपास भरेल. घाई असेल तर फक्त एवढा भाग चुलीवर करता येतो: स्टीलच्या किंवा मुलामा दिलेल्या पातेल्यात उकळून 5 लिटरपर्यंत आणा. त्यापुढे चूल बंद. उकळत्या पाण्यातून मीठ पडलं तर ते पिठासारखं बारीक पडतं आणि पातेल्याला चिकटून जळतं.

पाऊस आला तर ताटं ढवळू नका. गोडं पाणी हलकं असल्याने दाट खाऱ्या पाण्यावर थराने तरंगतं. ताट अलगद कलतं करून किंवा नळीचं तोंड पृष्ठभागाला लावून वरचा थर काढता येतो. ढवळलंत की दोन दिवसांची मेहनत पाण्यात.

## टप्पा 5: कचकच काढून टाका

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात, आणि दाताखालच्या कचकचीचं कारण तेच असतं. ती वाळू नसते.

समुद्राच्या पाण्यात मिठाशिवाय चुना आणि जिप्सम विरघळलेलं असतं. पाणी निम्मं झालं की चुन्याचा अंश खाली बसू लागतो. चौथाईवर आलं की जिप्सम बसू लागतं आणि पुढे मीठ धरेपर्यंत बसत राहतं. 20 लिटरमधून हे दोन्ही मिळून 20 ते 25 ग्रॅम निघतं. ताटाच्या तळाशी पांढुरका, बोटाला पिठूळ लागणारा, मधूनच सुईसारखे बारीक कण असलेला थर दिसतो. तो मिठाचा नाही. कण जिभेवर ठेवा, लगेच खारट होऊन विरघळत नाही.

म्हणून वाइकूमधलं पाणी तिथेच आटवत ठेवा, 5 लिटरवरून सुमारे 2 लिटरपर्यंत. चार ताटांचं आता दोन ताटांत एकत्र करा. पाणी पातळ थरात पसरलं की कडा लवकर सुकतात आणि गाळ व मीठ एकत्रच चिकटतं. 100 मिलिलिटरचं वजन 118 ते 119 ग्रॅम झालं की थांबा. मीठ 120-121 ग्रॅमला पडायला लागतं, त्याच्या जरा अलीकडे आपल्याला पाणी उचलायचं आहे.

वजनकाटा नसेल तर दुपारी तीनच्या सुमाराला ताटाच्या पृष्ठभागाकडे तिरप्या नजरेने बघा. पाण्यावर सुईच्या टोकाएवढे चौकोनी चकाकते ठिपके दिसले तर मीठ धरायला सुरुवात झाली. उशीर झाला असेल तर वाटीभर गाळलेलं समुद्राचं पाणी घाला, ठिपके विरघळतील, गाळ विरघळणार नाही.

आता पाणी नळीने अलगद काढा आणि पुन्हा कॉफीच्या कागदातून गाळा. हे पाणी पारदर्शक, जरा तेलकट चालीचं असतं, बाटलीत हलवलं तर जड वाटतं. त्यातलं 250 मिलिलिटर बाटलीत भरून बाजूला ठेवा. टप्पा 8 मध्ये धुवायला ते लागेल आणि तेव्हा नव्याने करता येणार नाही.

## टप्पा 6: मीठ धरू द्या

हानापेपेत लोई तयार करणं हेच सर्वांत कष्टाचं काम. काळी माती मळायची, वाफ्याच्या तळाला आणि काठाला थापायची, नदीतल्या गुळगुळीत गोट्यांनी घासून घासून तिला चकाकी आणायची, उन्हात भाजू द्यायची. एक चीर राहिली तर पाणी मातीत जातं. खरखरीत जागा राहिली तर काढणीच्या वेळी माती मिठात येते. आपल्याकडे काचेचं भांडं आहे, त्याचा हा फायदा. मात्र त्याच काळजीने ते घासा, साबणाचा वास राहू देऊ नका आणि समतल जागी ठेवा. एका बाजूला कललेलं भांडं उथळ बाजूने आधी सुकतं.

उरलेल्या पाण्यापैकी 1.25 लिटरच्या आसपास दोन भांड्यांत सारखं ओता, बाकीचं राखून ठेवा. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी त्यातलं थोडं थोडं काठाने सोडा. लोईतही वाइकूचं पाणी असंच वरचेवर घालतात. कारण साधं आहे: मीठ सतत पाण्याखाली राहिलं पाहिजे, निदान अर्धा सेंटीमीटर. पाण्याबाहेर उघडं पडलेलं मीठ जागच्या जागी सुकतं आणि भोवतीचे कडू क्षारही त्याच्यावरच सुकतात. मग धुऊनही ते सुटत नाहीत.

पहिल्या दुपारी पृष्ठभागावर पातळ चौकोनी पापुद्रे तरंगताना दिसतील. जवळून पाहिलं तर प्रत्येक पापुद्रा उलट्या ठेवलेल्या पोकळ पिरॅमिडसारखा असतो: मध्ये खोलगट, कडेने पायऱ्यापायऱ्यांचा. जड झाला की तो आपोआप बुडतो आणि तळाशी रवा होऊन वाढत राहतो. इथे हात लावू नका. ढवळलं, भांडं सरकवलं, फुंकर घातली की पापुद्रे लवकर बुडतात आणि मीठ बारीक पडतं. जाडं, कुरकुरीत मीठ हवं असेल तर या दिवसांत संयम हेच एक साधन आहे.

फक्त पापुद्रे हवे असतील तर दुपारी सपाट चाळणीने अलगद उचलून वेगळे निथळायला ठेवा. हे सर्वांत शुभ्र आणि हलकं मीठ. हानापेपेतही वाफ्यातला वरचा पांढरा थर जेवणाच्या मिठासाठी वेगळा काढतात. मातीजवळचा तांबूस-करडा थर त्यात मिसळत नाहीत.

## टप्पा 7: थांबायची वेळ

संपूर्ण कामात चुकायला सर्वांत सोपी जागा ही आहे. भांड्यात अजून पाणी दिसतंय, म्हणजे अजून मीठ निघेल, असं वाटतं. निघेलही, पण ते खायचं नसेल.

मीठ पडत जातं तसं उरलेल्या पाण्यात मॅग्नेशियमचे क्षार वाढत जातात. 100 मिलिलिटरचं वजन 125 ग्रॅम झालं की थांबायचं. 20 लिटरमधून तेव्हा साधारण अर्धा ते पाऊण लिटर पाणी उरलेलं असतं, आणि त्या पाण्यात पाव हिश्श्याच्या आसपास मीठ अजून असतंच. ते सोडून द्यावं लागतं. पुढे गेलात तर मॅग्नेशियम क्लोराइड मिठावर बसतं. ते हवेतली आर्द्रता 33 टक्के असली तरी पाणी ओढतं, म्हणजे कोकणात काय किंवा हवाईत काय, ते कधीच कोरडं राहत नाही. बरणीतलं मीठ पाझरतं ते यामुळे.

काटा नसताना तीन खुणा: पाणी पिवळसर दिसू लागतं, दोन बोटांत चोळलं तर साबणासारखं बुळबुळीत लागतं, काडीने एक थेंब जिभेला लावला तर खारटपणा गेल्यावर मागे तीव्र कडूपणा राहतो. एवढाच थेंब. हे पाणी जुलाब करतं, मुलांच्या हाती लागू देऊ नका.

काढणी सकाळी करा, पाणी गार असताना. लाकडी उलथन्याने मीठ भांड्याच्या एका कडेला ओढा, तळ खरवडू नका. हलकेच ओढून जे येत नाही ते तिथेच असू द्या. मग चाळणीत काढा. उरलेलं कडू पाणी काचेच्या बाटलीत भरून नाव लिहून ठेवा. टोफू गोठवायला हेच पाणी वापरतात. झाडांना मात्र घालू नका.

## टप्पा 8: धुवा, निथळा, सुकवा

नळाखाली धुवू नका. 100 मिलिलिटर गोड्या पाण्यात जवळजवळ 36 ग्रॅम मीठ विरघळतं. पाव लिटर पाणी मारलंत तर 90 ग्रॅमपर्यंत मीठ मोरीत. बाजूला ठेवलेलं 250 मिलिलिटर दाट पाणी आता काढा. ते मिठाने जवळजवळ भरलेलं असल्यामुळे मीठ फारसं विरघळत नाही, रव्यांना चिकटलेलं कडू पाणी मात्र वाहून जातं. चाळणीतल्या मिठावर तीन वेळा थोडं थोडं शिंपडा, दर वेळी पूर्ण निथळू द्या. एकदम ओतलं तर ते एकाच वाटेने खाली जातं.

मग मलमलीत सैल बांधून सावलीत, वाऱ्यावर 24 ते 48 तास टांगा. हानापेपेत मिठाचे ढीग कित्येक आठवडे निथळू देतात. राहिलेला कडूपणा हवेतलं पाणी ओढून स्वतःच गळून जातो. तुम्हालाही सवड असेल तर टांगलेलं मीठ आठवडाभर राहू द्या. चवीतला फरक कळतो.

शेवटी ताटात एक सेंटीमीटर थरात पसरून दोन दिवस उन्हात सुकवा, दिवसातून तीन-चारदा हात फिरवा, संध्याकाळी आत घ्या. ओव्हनमध्ये कडक तापवू नका. रव्यांच्या आत अडकलेलं पाणी उकळून खडे तडतड फुटतात.

तपासा: चमचाभर मीठ कागदावर रात्रभर झाकून ठेवा. सकाळी कागदावर ओला डाग दिसला तर पुन्हा धुणं आणि निथळणं. डाग नसेल तर काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत भरा. धातूचं झाकण नको.

या मिठात आयोडीन नगण्य असतं. रोजच्या स्वयंपाकाचं आयोडीनयुक्त मीठ बंद करून हेच वापरायला सुरुवात करू नका. भारतात बिनआयोडीनचं मीठ थेट खाण्यासाठी विकायला बंदीही आहे.

## टप्पा 9: आलाएआ, आणि गेरू का नको

आलाएआ ही हवाईची लोहयुक्त, तांबडी, अतिशय बारीक कणांची ज्वालामुखी माती. पाण्यात ती दुधासारखी मिसळून राहते. तिने रंगवलेलं मीठ शुद्धीकरणाच्या विधींत वापरलं जाई, औषधातही ही माती असे. म्हणजे लाल मीठ हा केवळ दिसायला छान असा प्रकार नाही, आणि त्याला पांढऱ्या मिठाची जागाही घ्यायची नसते.

मिठात पीठ भुरभुरावं तशी कोरडी माती टाकणं ही नेहमीची चूक. ती तळाशी बसते, वरचं मीठ पांढरं आणि खालचं चिखल. योग्य क्रम असा:

1. खाण्यायोग्य म्हणून विकली जाणारी आलाएआ घ्या. 250 ग्रॅम मिठाला 2 ते 3 ग्रॅम पुरते.
2. ती 2 मोठे चमचे दाट खाऱ्या पाण्यात कालवा. गोडं पाणी घातलं तर मीठ विरघळेल.
3. दुहेरी मलमलीतून गाळा. भरड राहिली तर ती टाका, चोळून उतरवू नका.
4. जाड, पूर्ण सुकलेल्या मिठावर शिंपडत हाताने हलवा. प्रत्येक रव्यावर विटकरी झाक आली की पुरे.
5. दिवसभर उन्हात सुकवा.

इशारा: रांगोळीचा, कुंड्यांना लावायचा किंवा चुलीचा गेरू वापरू नका. रंग सारखा दिसतो, पण तो खाण्यासाठी काढलेला नसतो आणि त्यात शिसं किंवा इतर भेसळ असू शकते. काउआईच्या डोंगरातून स्वतः माती उकरून आणणंही नको. ज्या जागांची माती पिढ्यान्‌पिढ्या विधींसाठी घेतली जाते, त्या कुणाच्या तरी राखणीत असतात.

## टप्पा 10: वापर आणि वाटप

जाड मीठ चमच्याने मोजू नका, वजन करा. रव्यांमध्ये हवा असते, त्यामुळे एक चमचा जाड मीठ बारीक मिठापेक्षा हलकं भरतं. लोणची, खारवलेले मासे यांत हा फरक महागात पडतो.

हवाईच्या स्वयंपाकात ते असं येतं: कच्च्या माशाच्या ‘पोके’मध्ये ‘लीमू’ म्हणजे समुद्री शेवाळ आणि कुकुई झाडाच्या भाजलेल्या बियांची ‘इनामोना’ चटणी यांच्याबरोबर, किंवा जमिनीखालच्या भट्टीत भाजायच्या डुकराच्या मांसाला चोळून. शिजणाऱ्या रस्सेदार पदार्थात हे मीठ टाकणं म्हणजे दहा दिवस जपलेला रवा क्षणात गमावणं. भाकरीवर, काकडीवर, तळलेल्या मासळीवर ताटात वाढताना घाला.

‘पीकाई’ म्हणजे समुद्राचं किंवा मीठ घातलेलं पाणी शिंपडून घर, होडी किंवा माणूस शुद्ध करणं. त्यासाठी ‘की’ नावाच्या झुडपाचं हिरवं पान त्या पाण्यात बुडवून शिंपडतात. प्रार्थना जाणत्या व्यक्तीने म्हणायची असते. बोलावलं तर शांतपणे उभं राहावं, फोन खिशात ठेवावा. फोटोसाठी हा विधी घरी करून बघू नका.

पहिल्या खेपेचं मीठ मात्र देण्यासाठी ठेवा. 300 ग्रॅममधून 50-50 ग्रॅमच्या चार पुड्या सहज निघतात. कागदात बांधून वर पाणी कुठलं, महिना कोणता, आणि ‘आयोडीन नाही’ एवढं लिहा. हवाईत कुणी तुम्हाला पाआकाईची पुडी दिली, तर किंमत विचारू नका. घ्या, आणि पुढच्या भेटीला रिकाम्या हाताने जाऊ नका. घरचं फळ चालतं, मासा चालतो, तुम्ही पिकवलेलं मीठही चालतं.